सिंकिंग लाइनचे आकडे कुठून आले

दिवाळी झाली की गंगापूर धरणाच्या फुगवट्यातलं पाणी निवळू लागतं. पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसतो, काठाच्या गाळपेर जमिनी उघड्या पडायला अजून वेळ असतो, आणि नाशिकमधल्या आम्हा मोजक्या फ्लाय फिशिंगवाल्यांत दर वर्षीचा प्रश्न पुन्हा निघतो: स्ट्रीमरसाठी सिंकिंग लाइन, म्हणजे पाण्यात बुडणारी दोरी, कोणती घ्यावी? (फ्लाय म्हणजे पिसं-धागे गळावर बांधून केलेलं हलकं नकली भक्ष्य, स्ट्रीमर हा तिचाच एक प्रकार; रॉड वाकवून ती दूर फेकली जाते ती लाइनच्या वजनावर.) खोक्यावर ‘इंटरमीडिएट’, ‘टाइप ३’, ‘टाइप ६’, ‘२५० ग्रेन’, ‘टी-१४’ असं काय काय छापलेलं असतं. नव्या माणसाला वाटतं, ही एकाच मापाची चढती पट्टी असेल. तसं नाही. यातला एकेक आकडा वेगळ्या काळातल्या वेगळ्या अडचणीतून आला आहे, आणि ती अडचण कळली की निवड बरीच सोपी होते. म्हणून हा मागचा इतिहास.

सुरुवात रेशमापासून करावी लागते. आपल्या जिल्ह्यात येवला असल्यामुळे रेशमाच्या धाग्याचा पीळ, त्याची ताकद आणि वजन इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लायची लाइन विणलेल्या रेशमाची असे आणि तिला जवसाच्या तेलाचे थर चढवून मुरवलेलं असे. रेशीम पाण्याहून जड; घनता साधारण १.३. म्हणजे नुसती सोडली तर ही लाइन हळूहळू बुडतेच. ती तरंगावी म्हणून तिला चरबी चोळावी लागे, आणि दिवसभर भिजल्यावर संध्याकाळी मोकळी करून वाळवावी लागे, नाहीतर ती कुजे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८० च्या दशकात पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हा तरंगती लाइन प्रतिष्ठेची झाली. स्कॉटलंडमध्ये डी नदीवर केर्नटन इथे आर्थर वुड सॅमनसाठी चरबी लावलेली लाइन वापरू लागले, तर त्या पद्धतीला ‘ग्रीझ्ड लाइन’ असं वेगळं नावच पडलं. वेगळं नाव पडावं इतकी ती गोष्ट नवी होती. बाकीच्या सॅमनवाल्यांची लाइन पाण्याखालीच असे. आज तरंगती लाइन सर्वसाधारण आणि सिंकिंग लाइन खास मानली जाते. मुळात क्रम उलटा होता. माझ्या मते सिंकिंग लाइनबद्दलची अर्धी भीती हे न कळल्यामुळे आहे.

स्ट्रीमर म्हणजे किड्याचं नव्हे, तर लहान माशाचं सोंग घेतलेली लांब पिसांची किंवा केसांची फ्लाय. तिच्या इतिहासात एक तारीख पक्की आहे. १ जुलै १९२४ रोजी अमेरिकेच्या मेन राज्यात ‘अप्पर डॅम’ या ठिकाणी कॅरी स्टीव्हन्स यांनी स्वतः बांधलेल्या फ्लायवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट धरला. तो मासा गाजला, आणि त्यांच्या हातातून आलेली ‘ग्रे घोस्ट’ ही फ्लाय आजही बांधली जाते. जागेचं नाव लक्षात घ्या: बांधाखालचं, खळाळतं, खोल पाणी. मोठा मासा लहान माशाला गाठतो तो बहुधा अशाच ठिकाणी, पृष्ठभागापासून खाली. म्हणजे स्ट्रीमर जन्मली तीच खोलीचा प्रश्न घेऊन. पुढे १९३० च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर डॉन गॅपेन यांची ‘मडलर मिनो’ आली, १९६७ मध्ये पेनसिल्वेनियात रसेल ब्लेसिंग यांची ‘वूली बगर’. फ्लाय सुधारत गेल्या, पण त्या खाली न्यायच्या कशा, हे लाइननेच सोडवायचं होतं.

आणि नेमकी तिथेच मध्ये गडबड झाली. ड्युपाँ कंपनीने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केलं. मग महायुद्ध आलं आणि जपानचं रेशीम अमेरिकेला मिळेनासं झालं. लाइन नायलॉनच्या निघू लागल्या. नायलॉनची घनता १.१४, पाण्याच्या अगदी जवळ. ना धड तरंगणारी, ना धड बुडणारी. त्यात मापाची पंचाईत. रेशमाच्या काळात लाइनची जाडी अक्षरांनी सांगत: ए म्हणजे इंचाचे ६० सहस्रांश, पुढच्या प्रत्येक अक्षराला साधारण पाच सहस्रांश कमी. ‘एचसीएच’ म्हटलं की दोन्ही टोकं बारीक आणि मध्ये जाड. सगळ्या लाइन रेशमाच्या असताना जाडीवरून वजन कळत होतं. नायलॉन आलं आणि तीच जाडी हलकी भरू लागली. अक्षर तेच, पण रॉड वाकेना.

यातून वाट काढली ती मिशिगनमधल्या मिडलंड गावच्या ‘सायंटिफिक अँग्लर्स’ने. १९४५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे लिऑन मार्टुख यांनी विणलेल्या गाभ्यावर प्लास्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा थर चढवायची पद्धत बसवली. ही कल्पना साधी आहे आणि मला ती फार मोठी वाटते. ताण सोसायचं काम गाभ्याचं, वजन आणि तरंगणं-बुडणं ठरवायचं काम वरच्या थराचं. थरात हवेचे सूक्ष्म पोकळ कण घातले की लाइन तरंगते, जड भुकटी घातली की बुडते. १९६० च्या सुमारास त्यांची ‘वेट सेल’ ही सिंकिंग लाइन बाजारात आली. किती वेगाने बुडायचं हे पहिल्यांदाच कारखान्यात ठरू लागलं.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने अक्षरं मोडीत काढली. आता लाइनचा क्रमांक तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून, ग्रेनमध्ये. ५ नंबरला १४० ग्रेन, ६ ला १६०, ७ ला १८५, ८ ला २१०. हा ग्रेन आपल्याला परका वाटतो, पण जुना इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. सराफ बाजारात आजोबांच्या तोंडी असलेला तोच ११.६६ ग्रॅमचा तोळा. म्हणजे ७ नंबरची लाइन हवेत फिरवताना पहिल्या ३० फुटांत तोळाभर वजन रॉडवर असतं, आणि ‘२५० ग्रेन’ म्हणजे जवळपास एक तोळा पाच मासे. मला स्वतःला हे वजन हातात आलं ते या हिशेबाने.

तर ग्रेनचा आकडा रॉडसाठी आहे. तो किती खोल जाईल ते थेट सांगत नाही. ते ‘टाइप’ सांगतो: टाइप ३ म्हणजे सेकंदाला साधारण तीन इंच, टाइप ६ म्हणजे सहा इंच, इंटरमीडिएट एक-दीड इंच. या दोन आकड्यांची गल्लत करणारे मी खूप पाहिले, आणि सुरुवातीला मीही केली. ऑनलाइन दुकानात विचारलं तर ‘जास्त ग्रेन म्हणजे जास्त खोल’ असं उत्तर मिळालं; ५ नंबरच्या रॉडवर ती भारी लाइन दोन हंगाम वाया गेली.

आता धरणांकडे. दारणा धरण १९१६ चं, गंगापूर १९६५ चं. इंग्लंडमध्ये ग्रॅफम वॉटर हा जलाशय १९६६ मध्ये मासेमारीला खुला झाला, म्हणजे गंगापूरचा समवयस्कच. तिथल्या ट्राउटवाल्यांसमोर अचानक नदी नव्हे, तर खोल, स्थिर, रुंद पाणी आलं. त्यांनी शूटिंग हेड उचललं. ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या कास्टिंगवाल्यांत (लाइन लांब फेकणाऱ्यांत) रुजलेली युक्ती: पुढे तीसेक फूट जड लाइन, मागे बारीक धागा, म्हणजे कास्ट लांब जाते. काहींनी ते हेड शिशाच्या तारेचा गाभा असलेल्या ट्रोलिंगच्या दोरीतून कापून घेतलं. आपल्याकडे फेकजाळ्याच्या कडेला शिशाचे मणी असतात त्यामागचा विचार हाच. शिसं झपाट्याने खाली जाई, पण त्याला मुरड पडे, हवेत ते ताठ आणि आडदांड वागे. पुढे पीव्हीसीत टंगस्टनची भुकटी मिसळू लागले. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३. म्हणून कमी जाडीत जास्त वजन बसलं, आणि बारीक लाइनला पाण्याचा अडथळाही कमी. ‘टी-१४’ हे याच घराण्यातलं नाव: दर फुटाला १४ ग्रेन. दहा फूट कापलं की १४० ग्रेन.

एक दोष मात्र बरीच वर्षं राहिला, आणि स्थिर पाण्यात मासेमारी करणाऱ्याने तो समजून घ्यायलाच हवा. लाइन टोकाकडे निमुळती असते. सगळीकडे एकच घनता ठेवली तर मधला जाड भाग आधी खाली जातो आणि टोक मागे राहतं. पाण्यात लाइनचा झोळ पडतो. फ्लाय वर, पोट खाली. मासा फ्लायला शिवला तरी हाताला कळत नाही, कारण मध्ये झोळ आहे. यावर उपाय निघाला तो टोकाला जास्त भुकटी घालून ते जड करण्याचा, म्हणजे सगळी लाइन सारख्या वेगाने, सरळ खाली जाते. खोक्यावर ‘डेन्सिटी कॉम्पेन्सेटेड’ किंवा ‘युनिफॉर्म सिंक’ लिहिलेलं असतं ते हे. माझ्याकडे एकाच लाइनचे पैसे असतील तर ब्रँड नंतर बघेन, आधी हे दोन शब्द शोधेन.

नदीवाल्यांची गरज वेगळी होती. वाहत्या पाण्यात पूर्ण बुडालेली लाइन प्रवाह ओढून नेतो आणि ती उचलून परत मांडता येत नाही. म्हणून पुढचे वीस-तीस फूट जड आणि मागची लाइन तरंगती, अशी जोड एकसंध होऊन आली. मिशिगनचे केली गॅलप आणि बॉब लिन्सेनमन यांनी १९९९ मध्ये मोठ्या ट्राउटसाठीच्या स्ट्रीमरवर पुस्तक लिहिलं, त्यानंतर ही जोड आणि तिच्यासोबतचा अगदी आखूड लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा) सर्वतोमुखी झाला. आखूड लीडरचं कारण साधं आहे. नऊ फुटी नायलॉनच्या टोकाला हलकी फ्लाय असेल, तर लाइन तळाशी आणि फ्लाय चार फूट वर, असं होतं. तीन-चार फूट पुरतात. बॉब क्लाउजर यांनी १९८७ मध्ये सस्क्वेहाना नदीसाठी फ्लायलाच शिशाचे डोळे बांधले तो दुसरा मार्ग. पण अशी फ्लाय ओढली की वर, सोडली की खाली, नाक खुपसत चालते. वजन लाइनमध्ये असेल तर फ्लाय आडवी, पोहल्यासारखी येते. थंडीत सुस्तावलेल्या माशाला मला ही आडवी चाल जास्त पटते.

हे सगळं नाशिकच्या पाण्यावर ठेवून पाहिलं तर गणित असं. मरळ काठच्या वनस्पतीत, उथळात असतो. त्याला तरंगती लाइन किंवा फार तर इंटरमीडिएट. शिंगाळा आणि शिवडा तळाचे. फुगवट्यात बारा फुटांवर फ्लाय न्यायची तर टाइप ३ ला ४८ सेकंद, टाइप ६ ला २४. अठ्ठेचाळीस सेकंद थांबण्याचा धीर थोड्यांना असतो, पण तळाला बुडालेले जुने शेतांचे बांध आणि झाडांची खोडं आहेत, तिथे टाइप ६ मोजणी चुकताच अडकते. म्हणून काठावरून मी टाइप ३ पूर्ण सिंकिंगच लावतो, आणि टाइप ६ फक्त भिंतीकडच्या खोल बाजूला. तरंगत्या मागच्या भागाची जोड धरणात मला आवडत नाही. ओढताना ती फ्लायला तिरपी वर खेचते. ती ठेवावी धरणाखालच्या डोहांसाठी, तेही विसर्ग बंद असताना. जलाशयाचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे तिची परवानगी आधी घ्यायची, आणि नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे गळ न्यायचाच नाही.

शिवाय आपल्याकडे पाणी एका पातळीवर राहत नाही. आवर्तन सुटलं, जायकवाडीकडे पाणी गेलं, की डिसेंबरात बारा फूट असलेली जागा मार्चमध्ये सहा फूट होते. मी काठावर पोचलो की आधी एका दगडाला पाण्याची रेघ कुठे आहे ते बघतो, पहिल्या कास्टला तळ लागेपर्यंत सेकंद मोजतो, आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहितो. चार वर्षांच्या त्या नोंदींत सावरगावच्या बाजूला टाइप ३ ला सर्वांत जास्त वेळा लागलेला आकडा चाळीस आहे. पुढच्या कास्टला मी पस्तीसवर ओढायला सुरुवात करतो.