टचपॅडच्या नावाची एक ओळ

गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हाची गोष्ट. जुळे सोलापुरातला एक कॉलेजचा मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या घरी आला. पुण्याकडच्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली मशिनं इकडे स्वस्तात मिळतात, त्यातलंच एक. विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा. याचा प्रोसेसर त्या आधीचा. मग पोराने एका रात्रीत विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. वायफाय लागलं, आवाज आला, कॅमेरा चालला. "टचपॅड तेवढं चालंना गेलंय ओ काका," म्हणाला, आणि खिशातून वायरचा माउस काढून टेबलावर ठेवला.

असं झालं की आपल्याकडे 'लिनक्स सपोर्ट करत नाही' म्हणून मोकळे होतात. पण कोण कोणाला सपोर्ट करत नाही, हे विचारायला गेलं तर गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जाते.

१९८० च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात करायची होती. आधीच्या प्रिंटरमध्ये त्यांनी ती केलीही होती. नव्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मात्र कोणी द्यायला तयार होईना. पुढे १९८३ मध्ये त्यांनी सगळ्यांना बघता-बदलता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा प्रिंटरही होता. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशीच एक ड्रायव्हर, यंत्राचा भाग चालवणारा प्रोग्राम, आहे.

२५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची वर्दी दिली. त्यातच त्यांनी लिहून टाकलं होतं की एटी हार्ड डिस्कशिवाय दुसऱ्या कशावर हे बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढीच आहे. लिनक्सचा पहिला 'हार्डवेअर सपोर्ट' तो एवढाच, एका विद्यार्थ्याच्या टेबलावर जे होतं ते. पुढे ज्याच्याकडे जे कार्ड होतं त्याने त्याचा ड्रायव्हर लिहिला आणि पाठवला. ही पद्धत आजही मोडलेली नाही, आणि सगळी गंमत नि सगळी रडगाणी तिच्यातूनच येतात.

त्या काळी ओळख पटवणं म्हणजे अंधारात चाचपणं होतं. संगणकात खोचायच्या जुन्या, आयसा पद्धतीच्या कार्डांना स्वतःचं नाव सांगता येत नसे. साउंड कार्ड पोर्ट २२० या पत्त्यावर, प्रोसेसरला हाक मारायची त्याची तार म्हणजे आयआरक्यू ५, हे आपणच कार्डावरचे जंपर, म्हणजे पिनांवरच्या बारक्या टोप्या, बघून सांगायचं. ड्रायव्हर एकेक पोर्ट ठोकून बघायचा आणि चुकीच्या दारावर टकटक झाली तर मशिन जागेवर गोठायचं. १९९२ मध्ये पीसीआय ही कार्ड जोडायची नवी पद्धत आली आणि प्रत्येक कार्डाला दोन आकडे मिळाले, एक बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच नंबर. ब्रॉडकॉमचा १४ई४. आजही टर्मिनलवर एलएसपीसीआय -एनएन मारलं की ओळीच्या शेवटी चौकटी कंसात हे आकडे दिसतात. प्रत्येक ड्रायव्हरमध्ये अशा आकड्यांची यादी असते. मशिन सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दोन्ही बाजू ताडून बघतो. जुळलं तर ड्रायव्हर कामाला लागतो, नाही जुळलं तर चिप जिवंत असून बेवारस.

याचा एक नमुना माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. नवी पेठेतून घेतलेला वायफायचा डोंगल, आत चिप नेहमीचीच, ड्रायव्हर कर्नलमध्ये वर्षानुवर्षं बसलेला. पण वरून लेबल लावणाऱ्याने यूएसबीचा नंबर स्वतःचा टाकला होता. ड्रायव्हरच्या यादीत तो नंबर नाही, म्हणून ओळख नाही. अशा वेळी सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल स्वतःची माहिती जिथे मांडतो तिथे, त्या ड्रायव्हरच्या फोल्डरात न्यू_आयडी नावाची फाईल असते, तिच्यात ते दोन आकडे लिहिले की ड्रायव्हर 'बरं, हाही आपलाच' म्हणतो. एक ओळ लिहिली आणि डोंगलचा दिवा लागला. रीस्टार्ट केलं की मात्र पुन्हा लिहावी लागते.

प्रत्येक वेळी एवढं स्वस्तात सुटत नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरच्या डायल-अपच्या दिवसांत संगणकाच्या आत बसणारे स्वस्त मोडेम आले. ते अर्धेच मोडेम होते. उरलेलं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर प्रोसेसरकडून करून घ्यायचं, म्हणून त्यांना विनमोडेम म्हणत. लिनक्सवर ते मुके. फोनच्या तारेला सिरियल पोर्टवरचा बाहेरचा डबा जोडावा लागे, तो महाग पण इमानी.

मग वायफाय आलं आणि खरा छळ सुरू झाला. ब्रॉडकॉमच्या चिपा पुष्कळ लॅपटॉपांत असायच्या आणि कंपनी त्यांची कागदपत्रं देत नव्हती. एनडीआयएसरॅपर नावाचा जुगाड निघाला, त्यात विंडोजचा ड्रायव्हरच लिनक्सच्या पोटात घालून चालवायचा. चालायचा, पण बिघडला तर आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नसे. दुसऱ्या बाजूला काही जणांनी सरळ उलट्या बाजूने सुरुवात केली. एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते त्याचं साध्या भाषेत वर्णन लिहिलं. दुसऱ्या गटाने तो ड्रायव्हर न बघता फक्त वर्णन वाचून नवा लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप यायला नको. तो बीसीएम४३एक्सएक्स ड्रायव्हर २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये आला. २०१० च्या सप्टेंबरमध्ये ब्रॉडकॉमने नव्या चिपांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. मधल्या काळात, २००७ मध्ये, कर्नलचे एक मुख्य विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीर सांगून टाकलं होतं की माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो, गुप्ततेचा करारही करतो. फुकट मिळत असूनही घेणारा विचार करत बसतो, अशी ही बहुधा एकमेव बाजारपेठ.

ड्रायव्हर आला तरी भागत नाही, फर्मवेअर लागतं. हे आमच्याकडे समजावणं सोपं जातं. एमआयडीसीतला जेकार्ड माग बघितलेला असतोच. माग धडधाकट आहे, सूत लावलंय, वीज आहे, पण भोकं पाडलेल्या कार्डांची माळ वर चढवली नाही तर चादरीवर मोर उठत नाही. वायफायच्या कित्येक चिपा तशाच. वीज मिळाली की त्या कोऱ्या असतात, ड्रायव्हरने बाहेरून फर्मवेअरची फाईल आत भरावी लागते. ती फाईल कंपनीच्या मालकीची, आणि ती वाटायला परवानगी नसली की लिनक्सच्या सीडीत घालता येत नाही. परवानगी मिळाली तरी ती मुक्त नाही म्हणून डेबियनसारख्या लिनक्सच्या आवृत्त्या बनवणारे लोक ती बाजूला ठेवायचे. परिणाम असा की वायफाय चालू करण्यासाठी फाईल हवी, आणि फाईल उतरवण्यासाठी वायफाय हवं. पेनड्राइव्ह घेऊन सायबर कॅफेत जाणं आलं. आता फोनची यूएसबी लावून निभावतं. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तो फेरा बराच कमी झाला. तत्त्वाला चिकटणाऱ्यांना ते रुचलं नाही. मला विचाराल तर उशीरच झाला.

ग्राफिक्सचं थोडक्यात आटोपतो, कारण ते भांडण सगळ्यांना माहीत आहे. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी बाहेरच्यांनी उकलून लिहिलेला नूवो ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नलमध्ये आला, २०१२ मध्ये तोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर कंपनीला मधलं बोट दाखवलं, आणि २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला.

लॅपटॉपची खरी गुंतागुंत वेगळ्याच ठिकाणी आहे. पीसीआय आणि यूएसबी आपला नंबर स्वतः सांगतात. आजकालचं टचपॅड बहुतेक आय२सी या बारक्या बसवर, म्हणजे आतल्या तारांच्या जोडणीवर, बसतं, आणि तिथे 'मी अमुक' असं सांगायची सोयच नाही. ते बायोसने, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामने सांगायचं, एसीपीआयच्या तक्त्यातून. हे एसीपीआय १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी आणलं. त्याच्या तक्त्यांत नुसती माहिती नसते, छोटे प्रोग्रामही असतात, आणि ते ऑपरेटिंग सिस्टीमला प्रश्न विचारतात: तुला 'विंडोज २०१५' कळतं का? यावर लिनक्स बेधडक 'हो' म्हणतं. विंडोजच्या ज्या ज्या आवृत्तीचं नाव घ्याल तिला हो. 'तू लिनक्स आहेस का' विचारलं तर मात्र २००७ च्या सुमारापासून उत्तर 'नाही' असतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या दुकानदाराने तेलुगूत विचारलं की तेलुगूतच उत्तर देऊन भाव पाडून घेणारे आमच्यात आहेत, तसलाच प्रकार. कारण साधं आहे, कारखान्यात तपासणी होते ती विंडोजवर. लिनक्ससाठी म्हणून लिहिलेली वाट कोणी चालून बघितलेली नसायची, तिच्यात खड्डेच निघायचे.

तर बायोस टचपॅडचं नाव सांगतो, सहसा चार अक्षरं आणि चार आकडे. एलान या तैवानी कंपनीच्या टचपॅडचा ड्रायव्हर उघडून बघा. ईएलएएन०६००, ०६०१, ०६०२ अशी रांगच्या रांग आहे, प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीत. ती एका बैठकीत लिहिलेली नाही. नवा लॅपटॉप बाजारात आला, आकडा बदललेला निघाला, कोणाचं तरी टचपॅड अडलं, आणि त्याने किंवा त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी एक ओळ पाठवली. ड्रायव्हरचं बाकी सगळं जसंच्या तसं.

त्या मुलाच्या मशिनमध्ये नेमकं हेच होतं. बायोस नाव सांगत होता. त्याने टाकलेलं लिनक्स दोन-तीन वर्षं जुन्या पेनड्राइव्हवरून टाकलेलं, त्यातल्या कर्नलच्या यादीत ते नाव नव्हतं. नव्या कर्नलचा सोर्स शोधला तर ओळ हजर. बदलांच्या नोंदीत कारणही एका वाक्यात दिलेलं, आणि लॅपटॉपचं मॉडेल याच्याच हातातलं. नवा कर्नल उतरवायला चहा होईस्तोवरचा वेळ लागला. रीस्टार्ट झालं, त्याने जरा भीतभीतच टचपॅडवर बोट फिरवलं आणि पडद्यावर बाण सरकला.

जाताना माउस टेबलावरच होता. उचलून दिला तर म्हणाला, "राहू द्या काका, पुढच्याला लागंल."