यकृत, स्वादुपिंड व पित्तमार्ग शस्त्रक्रिया

यकृत, स्वादुपिंड, पित्ताशय आणि पित्तनलिका या पोटाच्या वरच्या भागातील अवयवांवरील शस्त्रक्रियांची शाखा. रुग्णालयांत तिला ‘एचपीबी (हेपॅटो-पॅन्क्रिॲटो-बिलिअरी) सर्जरी’ म्हणतात. हे अवयव एकत्र धरण्याचे कारण त्यांची नळजोडणी. यकृतात दररोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. त्यातले काही पित्ताशयात साठून दाट होते. पित्तनलिका पुढे स्वादुपिंडाच्या डोक्यातून वाट काढत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आद्यांत्रात, उतरते आणि स्वादुपिंडाची नलिकाही तिथेच येऊन मिळते. त्यामुळे एकाचे अडले की दुसऱ्याला भोगावे लागते. पित्ताशयातून निसटलेला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा स्वादुपिंडाला जीवघेणी सूज आणू शकतो, आणि स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ बरेचदा पहिल्यांदा दिसते ती डोळ्यांच्या पिवळेपणात.

आपल्या रोजच्या बोलण्यातले दोन शब्द इथे रुग्णाचे नुकसान करतात. ‘पित्त झालंय’ म्हणजे आपल्याकडे छातीत जळजळ, आंबट ढेकर, चढलेले डोके. हा सगळा जठरातल्या आम्लाचा त्रास. यकृतातून येणारा हिरवट-पिवळा रस वेगळा. पण शब्द एकच असल्याने तळकट किंवा मटणाच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठणारी, पाठीत आणि उजव्या खांद्यापर्यंत जाणारी खड्यांची कळ महिनोन्‌महिने कोकम सरबतावर आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढली जाते.

दुसरा शब्द कावीळ. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय कावीळ उतरवणाऱ्याला मिळते. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ते पिवळे झालेले पाहायला, नाकात औषधाचे थेंब घालून घ्यायला कोकणपट्टीत आजही माणसे जातात, शिकलेलीसुद्धा. पित्तनलिका अडल्यामुळे आलेली कावीळ मात्र अशी उतरत नाही. तिची ओळख ठरलेली आहे: लघवी कोऱ्या कडक चहासारखी, शौच शाडूच्या मातीसारखे पांढुरके, आणि तळहात-तळपायांना सुटणारी, रात्री झोपू न देणारी खाज. ताप नाही, पोट दुखत नाही, तरी कावीळ वाढते आहे आणि वजन उतरते आहे, असे पन्नाशीच्या आसपासच्या माणसात दिसले तर सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हायला हवी. स्वादुपिंडाचा कर्करोग सापडतो तेव्हा तो काढता येण्याजोगा असतो जेमतेम पाचांतल्या एका रुग्णात. झाडपाल्यात गेलेले दोन महिने त्या एकालाही उरलेल्या चौघांत नेऊन बसवू शकतात.

या शाखेत सर्वाधिक होते ती पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. कार्ल लांगेनबुख यांनी ती १८८२ मध्ये बर्लिनला प्रथम केली. दुर्बिणीने ती १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी केली, आणि १९९० मध्ये डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ती भारतात आणली. आता ठाणे-नवी मुंबईतल्या लहान नर्सिंग होममध्येही ती होते आणि रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो. त्रास न देणारे, तपासणीत सहज सापडलेले खडे बहुधा तसेच ठेवतात. खडा पित्तनलिकेत उतरला असेल तर तोंडावाटे दुर्बीण घालून, ईआरसीपी करून, तो आधी काढतात. या सोप्या वाटणाऱ्या शस्त्रक्रियेत भीती एकाच गोष्टीची: पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली जाण्याची. हजारांत तीन-चार रुग्णांत पित्तनलिकेला इजा होते आणि मग आतड्याचे वेटोळे वर आणून यकृताच्या तोंडाशी जोडण्याचे मोठे काम करावे लागते. सुजेमुळे आतले काही ओळखू येत नसेल तेव्हा पोट उघडणे, किंवा पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवणे, हे शहाणपणाचे असते. ‘दुर्बिणीने सांगितलं होतं, मग कापलं का?’ असा जाब अनेक घरांतून विचारला जातो; तो अन्यायाचा आहे.

शाखेची खरी कसोटी स्वादुपिंडाचे डोके काढण्याच्या, म्हणजे व्हिपल शस्त्रक्रियेत लागते. बर्लिनमध्ये १९०९ साली वाल्टर काउश यांनी तिचे पहिले रूप केले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी ती मांडली आणि पुढे सुधारली. स्वादुपिंडाचे डोके आणि आद्यांत्र यांचा रक्तपुरवठा सामाईक, म्हणून दोन्ही एकदमच काढावे लागतात. सोबत पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि कधी जठराचा शेवटही जातो. पाच ते आठ तास चालणाऱ्या या कामात काढणे हा अर्धा भाग, जोडणे हा उरलेला अर्धा. स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड आतड्याला द्यायचे असतात आणि झोप उडवतो तो स्वादुपिंडाचा. नलिका तुंबून घट्ट झालेली ग्रंथी टाका धरून ठेवते. मऊ ग्रंथीत मात्र खरवसात सुरी फिरावी तसा दोरा कापत जातो, आणि नलिका असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. जोड गळला तर अन्न पचवणारा रस पोटातल्या रक्तवाहिन्यांनाच खाऊ लागतो.

म्हणून पुढचा आठवडाभर साऱ्यांचे लक्ष ड्रेनच्या, म्हणजे पोटातले पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीवर. सकाळच्या राउंडला सर्जन आधी ती उजेडात धरून पाहतात, मगच ‘काका, कसं वाटतंय?’ विचारतात. पाणी आधी लालसर, नंतर फिकट पिवळे होत जावे. तिसऱ्या दिवशी त्यातले थोडे अमायलेझसाठी, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातल्या एका पाचकद्रव्यासाठी, तपासायला जाते. रक्तातल्या सामान्य कमाल पातळीच्या तिपटीहून जास्त आले की गळतीकडे डोळा ठेवतात. एकेकाळी या शस्त्रक्रियेत पाचांतला एक रुग्ण दगावत असे. अनुभवी केंद्रांत आज हे प्रमाण शंभरात पाचांहून कमी आहे. हा फरक सर्जनच्या हाताइतकाच भूलतज्ज्ञ, आयसीयू आणि रक्तस्राव झाल्यास रात्री-अपरात्री तो नळीवाटे थांबवणाऱ्या रेडिओलॉजिस्टचा आहे. ‘तुमच्याकडे वर्षाला किती व्हिपल होतात?’ हा प्रश्न नातेवाइकांनी संकोच न करता विचारावा. घरी गेल्यावर बहुतेकांना पाचकरसाच्या कॅप्सूल लागतात. त्या जेवणानंतर घेऊन उपयोग नाही, वरणभाताच्या पहिल्या घासाबरोबरच घ्यायच्या.

यकृताचे गणित वेगळे. फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये दाखवले की बाहेरून सलग दिसणारे यकृत आतून आठ खंडांचे आहे आणि प्रत्येकाला स्वतःचा रक्तपुरवठा व पित्ताची वाट आहे. त्या रेषा धरून कापले तर रक्तस्राव आटोक्यात राहतो. किती काढले यापेक्षा किती उरले याला इथे महत्त्व आहे: निरोगी यकृताचा पाव भाग उरला तरी तो काही आठवड्यांत वाढून भार पेलतो, सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार) असलेल्याचा ४० टक्के तरी उरावा लागतो. उरणारा भाग लहान ठरणार असेल तर काढायच्या बाजूची प्रवेशिका शीर, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर, आधीच बंद करतात; रक्त दुसऱ्या बाजूला वळते आणि ती बाजू फुगू लागते. मग चार-सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या अशा रुग्णांची वाट वर्षानुवर्षे परळला जात आली आहे, केईएम किंवा टाटा मेमोरियलला. लोकलच्या गर्दीत फाइल छातीशी धरून. पुष्कळ जण अजूनही जातात. टाटाचेच ‘ॲक्ट्रेक’ हे केंद्र खारघरला आहे, आणि ठाण्याचे ज्युपिटर व बेलापूरचे अपोलो या खासगी रुग्णालयांत यकृत प्रत्यारोपणही होते. खर्चाचे ओझे मोठे असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या शाखेतल्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. कोणत्या रुग्णालयात कोणती, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला, दाखल होण्याआधीच विचारावे.

प्रत्यारोपणाला १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा लागू आहे. जिवंत दाता बहुधा जवळचा नातेवाईक असतो. आई मुलाला, पत्नी नवऱ्याला यकृताचा, बहुतेक वेळा उजवा, भाग देते आणि दोघांची यकृते पुन्हा वाढतात. मेंदूमृत दात्याचे यकृत मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, म्हणजे झेडटीसीसीच्या, प्रतीक्षायादीनुसार मिळते. ठाणे-नवी मुंबईचे रुग्ण त्याच यादीत असतात. बर्फात ठेवलेले यकृत साधारण १२ तासांच्या आत बसवावे लागते, म्हणून खाडीच्या या तीरावरून त्या तीरावर ते नेताना वाहतूक पोलीस रस्ता मोकळा करून देतात आणि इकडे ऑपरेशन थिएटरमध्ये घेणाऱ्याचे पोट तोवर उघडायला घेतलेले असते.