नेरूळचं दुकान आणि त्याआधीची पन्नास वर्षं

१९९९ साली राधाकिशन दमाणी यांनी नवी मुंबईत नेरूळला एक किराणा दुकान चालवायला घेतलं. शेअर बाजारात नाव कमावलेल्या माणसाने तूरडाळ नि साबण विकायला बसावं, हे तेव्हा चमत्कारिक वाटलं असणार. दुकान त्यांच्या नावाचं नव्हतं. ती ‘अपना बाजार’ या मुंबईतल्या सहकारी दुकानांच्या साखळीची फ्रँचायझी होती. अपना बाजारची पद्धत त्यांना काही पटली नाही, पण २००२ मध्ये पवईला स्वतःचं पहिलं डीमार्ट उघडलं ते हा अनुभव गाठीशी बांधूनच. शनिवारी संध्याकाळी डीमार्टच्या रांगेत ट्रॉली धरून ताटकळणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल? स्वस्त वाणसामान कसं विकायचं, यावर मुंबईत त्याआधी पन्नास वर्षं डोकं लढवलं जात होतं.

सुरुवात अर्थातच वाण्यापासून. वाण्याची सेवा आजच्या भाषेत बोलायचं तर अव्वल होती. यादी पाठवली की पोऱ्या सामान घरी टाकून जाई, हिशेब वहीत चढे, पगार झाला की चुकता होई. पण उधारीवर जगणारं गिऱ्हाईक भावाबद्दल तोंड उघडू शकत नसे, आणि मापाबद्दल तर नाहीच. महायुद्धाच्या काळात टंचाई आली, १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, काळाबाजार बोकाळला. अशा दिवसांतून बाहेर पडताना, १९४८ मध्ये, नायगावात कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी ग्राहकांची सहकारी संस्था काढली. तिचंच पुढे अपना बाजार झालं. १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर महागाई रोखण्यासाठी सरकारनेही सहकारी भांडारांना बळ दिलं. दिल्लीचं सुपर बाजार त्याच वर्षीचं, मुंबईचं सहकारी भांडार १९६८ चं.

या भांडारांचं आकर्षण एकच होतं: विश्वास. निवडलेलं धान्य, बरोबर वजन, हातात पावती. गिऱ्हाईक हाच मालक असल्याने त्याला फसवायचं कशाला, असा साधा हिशेब. मात्र मालक सगळेच असले की काउंटरवर हसून बोलायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही, हेही सहकाराच्या वाट्याला पुष्कळदा आलं.

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच काढून टाकलं. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, पंचायतीने घाऊक खरेदी करून माल संघातल्या एका घरी पोचवायचा आणि सभासदांनी आपापसांत वाटून घ्यायचा. जागेचं भाडं नाही, काचेची कपाटं नाहीत. आणि ज्याची मागणी आधीच नोंदवलेली आहे असा माल पडून राहण्याचा प्रश्नच नाही. वाटपाच्या दिवशी हॉलमध्ये मांडलेले ढीग ज्यांनी पाहिलेत, त्यांना गृहिणींची ती शिस्त सांगावी लागणार नाही. किंमत कमी करण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी माहीत नाही; फक्त त्यासाठी शेजाऱ्यांशी पटावं लागतं.

आणखी एक गोष्ट या इतिहासात सहसा कुणी मोजत नाही. १९९० मध्ये पाकिटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजेच एमआरपी, छापणं सक्तीचं झालं. ग्राहकाला लुबाडू नये म्हणून केलेला हा नियम. पण त्यामुळे प्रत्येक पुड्यावर तुलनेसाठी एक आकडा आयता मिळाला. ‘एमआरपीपेक्षा इतके रुपये कमी’ ही पाटी त्यानंतरच शक्य झाली. सुपरमार्केटांचा सगळा धंदा या छापील आकड्याच्या खाली उभा आहे.

त्या आकड्याखाली उतरायच्या दोन तऱ्हा पुढे समोरासमोर आल्या. किशोर बियाणी यांचं बिग बाजार २००१ मध्ये कोलकात्यातून सुरू झालं. मुंबईत ते लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेत आलं. ज्या गिरणगावच्या आसऱ्याने नायगावचं भांडार निघालं, तिथल्याच गिरणीत आता मॉल होता. बियाणींनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. चकचकीत, मोकळं दुकान पाहिलं की आपला माणूस ‘हे महाग असणार’ म्हणून उंबऱ्यावरूनच परततो. म्हणून त्यांनी मुद्दाम दाटी ठेवली, धान्य उघडं मांडलं, हात घालून बघू दिलं. बुधवारचा बाजार, जुनी रद्दी-भांडी घेऊन कूपन देणारा मेळा, आणि २००६ च्या प्रजासत्ताक दिनाचा ‘सबसे सस्ता दिन’. त्या दिवशीची गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना बोलवावं लागलं होतं. ही जत्राच होती, आणि जत्रेचा दिवस ठरलेला असतो.

दमाणींनी जत्रा टाळली. मोठ्या जाहिराती नाहीत, वर्षभर भाव खालचेच. शक्य तिथे जागा भाड्याची न घेता विकत घ्यायची, तीही मॉलमध्ये नाही, तर मध्यमवर्गीय वस्तीला लागून. पुरवठादाराला आठवडा-दीड आठवड्यात पैसे द्यायचे आणि त्या बदल्यात सूट मागायची. डाळ-तांदळावर फारसं सुटत नाही, ते कपडे, डबे, बादल्यांवर भरून निघतं. म्हणूनच शेंगदाणे आणायला गेलेला माणूस पायपुसणं घेऊन परततो. वाण्याची उधारी गेली, पोऱ्या गेला, चौकशी गेली. राहिला फक्त भाव. या पद्धतीत वाढ संथ होते. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा पंधरा वर्षांत जमलेली दुकानं होती जेमतेम १३१.

बियाणींची वाढ वेगाची आणि भाड्याच्या जागांवरची. कर्ज फुगत गेलं, २०२० च्या टाळेबंदीत दुकानं थंडावली, आणि २०२२ मध्ये बिग बाजारच्या कित्येक जागा रिलायन्सकडे गेल्या. २००६ मध्ये या धंद्यात उतरलेल्या रिलायन्सने मुंबईच्या सहकारी भांडारालाही सुरुवातीच्या काळातच हाताशी धरलं होतं.

२०२१ नंतर दहा मिनिटांत सामान पोचवणारी ॲप्स आली. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या तिमाहीनंतर डीमार्टच्या व्यवस्थापनाने मान्य केलं, की घरपोच किराण्याचा फटका महानगरांतल्या त्यांच्या सर्वाधिक चालणाऱ्या दुकानांना बसतो आहे. आमच्या इमारतीत आता दिवसाला दहा-बारा वेळा तरी डिलिव्हरीवाल्यांसाठी लिफ्ट वरखाली होते. खालचा वाणी दुकानाच्या पायरीवर उभा राहून ते बघतो. फोन केला तर सामान तोही वर पाठवतो, आणि सुटे नसले तर ‘उद्या द्या’ म्हणतो.