बौद्धिक दिव्यांग व स्वमग्न व्यक्तींची घरगुती काळजी (ग्रामीण विदर्भ)

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या व्यक्तीला राहत्या घरी मिळणारी देखभाल, आधार व शिकवण म्हणजे घरगुती काळजी. ती व्यक्ती किती सुरक्षित व निरोगी राहते आणि स्वतःच्या मर्जीला तिच्या दिवसात किती जागा मिळते, यावर या काळजीची गुणवत्ता ठरते. ‘अध्ययन अक्षमता’ या शब्दाने येथे घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये तो बौद्धिक अक्षमतेसाठी रूढ आहे, तर भारतीय कायद्यातील ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ वाचन, लेखन, गणित अशा अडचणींपुरती आहे.

इंग्लंडमध्ये घरी येऊन वैयक्तिक देखभाल पुरवणाऱ्या संस्थांना केअर क्वालिटी कमिशन या नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते व त्यांची तपासणी होते. विदर्भातील खेड्यात ही विकत मिळणारी सेवा नसून घरातले काम असते आणि ते बहुधा आईच्या वाट्याला येते. त्यामुळे गुणवत्तेचा प्रश्न आधी आईच्या वेळेचा असतो. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी या दिवसांत मजुरी बुडवणे परवडत नाही. मग लेकराला आजीजवळ ठेवणे, सोबत वावरात नेणे किंवा दाराला बाहेरून कडी लावून जाणे एवढेच पर्याय उरतात. कोंडून ठेवणे हा काळजीतील गंभीर दोष आहेच. पण घराजवळ कठडा नसलेली विहीर आणि समोरून वाहता रस्ता असताना कडी लावणाऱ्या आईला निष्ठुर म्हणण्यापूर्वी तिच्याजवळ दुसरे काय होते, हे विचारले पाहिजे.

अंघोळ, स्वच्छ कपडे आणि पोटभर जेवण एवढ्यावर काळजी चांगली ठरवण्याची पाहुण्यांची सवय अपुरी आहे. हाताला धरून भाकर भरवलेल्या मुलापेक्षा सांडत का होईना स्वतः जेवणारा मुलगा अधिक चांगल्या काळजीत असू शकतो. बकऱ्यांना चारा टाकणे, शेंगा फोडणे, पाणी भरणे अशी रोजची ठरलेली कामे शिकवणीचे उत्तम साधन ठरतात. स्वमग्न व्यक्तीला दिनक्रमाची निश्चिती विशेष लागते. ठराविक ताट, ठराविक जागा, पुढे काय होणार हे आधी दाखवणारे चित्र किंवा वस्तू यांनी तिची अस्वस्थता कमी होऊ शकते. लग्नातला डीजे किंवा पोळ्याचा ढोल काहींना सहन होत नाही, आणि अशा वेळी कान झाकून कोपऱ्यात बसणे हा हट्ट नसतो. निवासी विशेष शाळेतील मुले उन्हाळ्याच्या सुटीत घरी येतात तेव्हा ही घडी एकाएकी मोडते, तीही नेमकी पारा ४५ अंशांच्या आसपास असताना.

उन्हाळ्यात तहान लागल्याचे सांगता न येणाऱ्याला ठरल्या वेळी पाणी देणे, फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवणे, मुलीला पाळीच्या दिवसांची निगा आधीपासून शिकवणे आणि स्पर्शाची मर्यादा समजावणे ही सुरक्षिततेची मूळ अंगे आहेत. अनेकांना अपस्माराचाही (मिरगी, फिट येणे) त्रास असतो. ‘झटके थांबले’ म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्यास ते पुन्हा आणि अधिक जोराने येऊ शकतात. अंगारा-धुपारा करणाऱ्या घरातही गोळ्या चालू राहिल्या, तर आरोग्य कर्मचाऱ्याने वाद न घालणेच शहाणपणाचे.

शून्य ते अठरा वयोगटातील मुलांची तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. मेळघाट किंवा दक्षिण गडचिरोलीतून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात दिवस मोडतो. त्यात आईची भाषा कोरकू किंवा गोंडी असेल तर मराठीत सांगितलेला घरचा सराव घरापर्यंत पोहोचतच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता या दोन्ही अवस्था अंतर्भूत असून बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे मासिक साहाय्य राज्य सरकारने २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये केले.

अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. अनाथ दिव्यांगांना अठराव्या वर्षी बालगृह सोडावे लागू नये, ही मागणी अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे अनाथ दिव्यांगांचे बालगृह चालवणारे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी सातत्याने लावून धरली. कुटुंब असलेल्यांचा प्रश्न निराळा आहे. आईनंतर जबाबदारी भाऊ-भावजयीकडे जाते, आणि कोणती खूण तहानेची, कोणती पोटदुखीची, कोणत्या आवाजानंतर झटका येतो, हे ज्ञान बहुधा आईजवळच असते. म्हणून आई धडधाकट असतानाच भावजयीने आठवड्यातून काही दिवस हे काम हाती घेणे, आणि या खुणा शाळकरी भाच्या-पुतण्यांकडून वहीत उतरवून घेणे, हा गावपातळीवर करता येण्याजोगा उपाय होय.