अ‍ॅटिकमधून पळणारी ऊब आणि नऊ काउंटींचा एकत्र गल्ला

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या मराठी ग्रुपवर थंडी पडली की एक चर्चा हमखास सुरू होते, हीटिंगचं बिल फार आलंय, काय करू? आणि उत्तरंही ठरलेली असतात. खिडक्या डबल पेन करून घे, सोलर लाव, नाहीतर स्मार्ट थर्मोस्टॅट घे. अ‍ॅटिकमध्ये म्हणजे छपराखालच्या माळ्यावर चढ आणि तिथल्या भेगा बुजव असं मात्र क्वचितच कोणी सांगतं, आणि माझं ठाम मत आहे की बहुतेक जुन्या घरांत पहिलं काम तेच करायला हवं. आता ही गोष्ट फिजिक्सची आहे पण ती अर्धीच, कारण भेगा बुजवायला पैसे लागतात आणि त्या पैशांसाठी इथल्या नऊ काउंटी म्हणजे जिल्हे एकत्र आल्या आहेत, ज्यांच्याबद्दल आपल्या लोकांना फारसं माहीतच नाही. म्हणून हा लेख.

आधी घर कसं असतं ते बघू. सनीवेल, फ्रीमाँट, सॅन होजे इथली बरीचशी घरं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बांधकामाच्या लाटेतली आहेत. लाकडी सांगाडा, आतून जिप्समचे बोर्ड, बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली रांगत जाता येईल एवढी पोकळी म्हणजे क्रॉलस्पेस, आणि वर छपराखाली अ‍ॅटिक. कॅलिफोर्नियाचे इमारतींसाठीचे ऊर्जा नियम १९७८ मध्ये लागू झाले, त्यामुळे त्याआधीच्या घरांत भिंतीत इन्सुलेशन असेलच असं नाही, आणि हवा किती गळते हे तर तेव्हा कोणी मोजतच नव्हतं.

आता माझा आवडता भाग, स्टॅक इफेक्ट. गरम हवा वर जाते हे आपण शाळेत शिकलो, पण किती जोराने जाते हे कोणी सांगितलं नाही. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२० किलो असतं. बाहेर रात्री ५ अंश असेल तर तिथल्या तेवढ्याच हवेचं वजन साधारण १.२७ किलो. फरक फक्त ६५-७० ग्रॅमचा. पण दुमजली घरात पाच मीटर उंचीची गरम हवा उभी आहे आणि तिच्या शेजारी, भिंतीपलीकडे, तेवढ्याच उंचीची जड थंड हवा उभी आहे, म्हणजे खाली आणि वर मिळून दाबात सव्वातीन पास्कलच्या आसपास फरक पडतो. हा फरक घराच्या मधोमध शून्य असतो, तळाशी बाहेरची हवा दीडएक पास्कलने आत ढकलली जाते आणि छताशी आतली हवा तेवढ्याच दाबाने बाहेर. घराच्या मध्यावर असलेल्या खिडकीतून म्हणूनच या कारणाने फारशी हवा जात नाही, सगळा खेळ छतात आणि जमिनीत चालतो! खिडकीजवळ बसलं की थंडी वाजते कारण काच थंड असते, ते खरंय, पण त्यावरून लोक ठरवतात की सगळी ऊब खिडकीतूनच चाललीय.

दीड पास्कल म्हणजे किती? चौरस मीटरवर १६० ग्रॅम ठेवले तर जेवढा दाब पडेल तेवढा, हाताला जाणवणारही नाही. पण तेवढ्यावर हवा भेगेतून सेकंदाला दीड मीटरपेक्षा जास्त वेगाने निघते. समजा छतातल्या सगळ्या फटी, वायरींची भोकं, दिव्यांच्या कडा मिळून एका ए-फोर कागदाएवढी जागा झाली, आणि खाली जमिनीतही तेवढीच. प्रवाह भोकातून जाताना आकसतो ते धरलं तरी सेकंदाला साधारण ६० लिटर हवा निघून जाते, म्हणजे दीड हजार स्क्वेअर फुटांच्या घरातली सगळी हवा दीड तासात बदलते. ती १५ अंशांनी परत तापवायला सुमारे एक किलोवॅट लागतो, सतत, रात्रभर, आणि हे बे एरियाच्या सौम्य थंडीत. मिनेसोटात उणे वीस असताना काय होत असेल याचा हिशोब तुम्हीच करा, दाबही वाढतो आणि तापमानातला फरकही, म्हणजे तोटा दोन्हीकडून.

हे मोजायचं कसं तर ब्लोअर डोअर नावाच्या यंत्राने. मुख्य दाराच्या चौकटीत कापडाचा पडदा ताणून बसवतात, त्यात एक मोठा पंखा, आणि तो घरातली हवा बाहेर ओढून आतला दाब ५० पास्कलने कमी करतो. मग प्रत्येक फटीतून हवा आत घुसते. इलेक्ट्रिकच्या सॉकेटसमोर हात धरला तर वारा लागतो, अ‍ॅटिकच्या झाकणाच्या कडेने शिट्टीसारखा आवाज येतो, आणि ज्यांना वाटायचं आपलं घर एकदम पॅक आहे त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पंख्यातून ताशी किती हवा गेली ते भागिले घराचं आकारमान केलं की एक आकडा मिळतो, ५० पास्कलला तासात किती वेळा हवा बदलली. पण खऱ्या आयुष्यात दाब ५० नसतो, दीडच्या आसपास, नेमका १.६ असतो, मग त्यावरून खरी गळती कशी काढायची? इथे थोडं गणित आहे. मोठ्या मोकळ्या भोकातून हवा जाते तेव्हा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो कारण हवेची गतिज ऊर्जा हिशोबात येते, म्हणजे घातांक ०.५, आणि अगदी बारीक लांब फटीतून जाते तेव्हा हवेचं भिंतींशी घर्षण वरचढ ठरतं आणि प्रवाह सरळ दाबाच्या प्रमाणात वाढतो, घातांक १. घरात दोन्ही प्रकारची भोकं असतात म्हणून मोजमापांत घातांक साधारण ०.६५ येतो. तर ५० वरून १.६ पास्कलला यायचं तर वर्गमुळाने साडेपाचवा भाग मिळेल, सरळ प्रमाणाने एकतिसावा, आणि ०.६५ ने नववा. तिन्ही उत्तरांत केवढा फरक आहे बघा, म्हणूनच हा घातांक मला इतका महत्त्वाचा वाटतो. आणि रोजच इतकी थंडी नसते, म्हणून वर्षभराच्या सरासरीसाठी या क्षेत्रातले लोक ढोबळमानाने २० ने भागतात. ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी एवढंच धरून चाला की गळती मोजता येते, अर्ध्या दिवसात, घर न तोडता.

छतातल्या गळतीचं महत्त्व कळलं ते १९७० च्या दशकात, तेलसंकटानंतर. न्यूजर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीतल्या घरांवर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने अभ्यास केला, त्यात गौतम दत्त हे आपले भारतीय वंशाचे संशोधकही होते. इन्सुलेशनची जाडी बघून अ‍ॅटिकमधून जेवढी उष्णता जायला हवी होती त्यापेक्षा कित्येक पट जास्त जात होती. कारण सापडलं ते असं की भिंतींच्या आतल्या पोकळ्या, पाइपांभोवतीच्या जागा या थेट अ‍ॅटिकमध्ये उघडत होत्या आणि गरम हवा इन्सुलेशनला वळसा घालून निघून जात होती. हे तुम्ही स्वतःच्या घरातही बघू शकता. अ‍ॅटिकमधलं गुलाबी फायबरग्लास उचला, जिथे ते काळपट झालेलं दिसेल तिथे खाली फट आहे. फायबरग्लास हवा अडवत नाही, फक्त गाळतं, आणि वर्षानुवर्षं गाळलेली धूळ तिथे डागासारखी बसते. अशा फटीवर नुसतं आणखी इन्सुलेशन टाकून भागत नाही, आधी फोम किंवा सीलंटने ती बुजवावी लागते. मात्र चिमणी आणि गॅसच्या धुराड्याभोवती साधा फोम चालत नाही, तो पेटू शकतो, तिथे पत्रा आणि आग सहन करणारं सीलंटच हवं.

इथे एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, घराने श्वास घ्यायला हवा, फार बंद केलं तर आजारपण येतं. ताजी हवा माणसांना हवी, पण ती कुठून येते ते बघा ना. स्टॅक इफेक्टने येणारी हवा क्रॉलस्पेसमधून येते, ओल, बुरशी आणि उंदरांच्या घाणीवरून. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅम्प फायर नावाच्या वणव्याचा धूर इथे दिवसेंदिवस साचला होता किंवा ९ सप्टेंबर २०२० ला दिवसा आकाश केशरी झालं होतं तेव्हा गळक्या घरांत धूर सहज शिरत होता. गळती बंद करा आणि बाहेरची हवा फिल्टरमधून, ठरवून आत आणा. एक धोका मात्र खरा आहे, गॅसचा गीझर किंवा फर्नेस म्हणजे हवा तापवणारी भट्टी घरातच असेल तर फटी बुजवल्यावर त्याचा धूर उलटा आत येऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणून कामाआधी आणि कामानंतर ज्वलनाची सुरक्षा तपासणी झालीच पाहिजे, यात तडजोड नको.

आणि ते प्लगमध्ये खोचायचे पॉवर सेव्हर डबे, जे भारतातही विकतात आणि इथेही, ते घेऊ नका हो. आत एक कपॅसिटर असतो, तो पॉवर फॅक्टर थोडाफार सुधारत असेल, पण घरगुती मीटर वापरलेली खरी ऊर्जा मोजतं, त्यावर काहीही फरक पडत नाही. विज्ञानाच्या नावाने विकलेला गंडाच आहे तो.

आता पैसे. भेगा बुजवणं, इन्सुलेशन, डक्ट दुरुस्ती असं नीट काम करायचं तर हजारो डॉलर जातात, आणि फायदा हळूहळू अनेक वर्षं मिळतो, त्यातला काही तर शेजाऱ्यांना आणि हवेला मिळतो. म्हणजे सार्वजनिक पैसा लावण्यासारखी ही गोष्ट. पण कोणी लावायचा? कोल्मासारख्या गावात जेमतेम दीड हजार माणसं राहतात, ते काय ऊर्जा विभाग उघडणार? आणि सॅन होजेत दहा लाखांच्या आसपास. काम करणारा कॉन्ट्रॅक्टर तर सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या, प्रत्येक गावाचा फॉर्म वेगळा आणि सबसिडी वेगळी असेल तर तो त्या भानगडीत पडणारच नाही.

बे एरियातल्या स्थानिक सरकारांची एक संघटना १९६१ पासून आहे, असोसिएशन ऑफ बे एरिया गव्हर्न्मेंट्स, नऊ काउंटी आणि १०१ शहरं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार स्थानिक सरकारं आपले अधिकार एकत्र वापरू शकतात. २०१२ मध्ये राज्याच्या युटिलिटी आयोगाने, म्हणजे वीज-गॅस कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, या संघटनेला बे-रेन म्हणजे बे एरिया रीजनल एनर्जी नेटवर्क चालवायला मान्यता दिली, दक्षिण कॅलिफोर्नियातही तसंच एक नेटवर्क झालं. पैसा येतो आपल्याच वीज आणि गॅसच्या बिलातून, त्यात सार्वजनिक कार्यक्रमांसाठी एक छोटा आकार असतो, तो आधी जवळजवळ सगळा मोठ्या वीज कंपन्यांच्या हातून खर्च व्हायचा. आता त्यातला काही भाग काउंटी मिळून खर्च करतात, कॉन्ट्रॅक्टरांना ट्रेनिंग देतात, मोफत सल्ला देतात, रिबेट देतात, आणि अपार्टमेंटच्या इमारतींसाठी सुरुवातीच्या काळात दर घरामागे ७५० डॉलर द्यायचे. म्हणजे आपण आधीच पैसे भरलेत आणि ते मागायला जात नाही आहोत!

याआधी दुसरा एक मार्ग काढला गेला होता, पेस नावाचा. बर्कले शहराने २००८ मध्ये सुरू केला, खर्च शहराने द्यायचा आणि घरमालकाने वीस वर्षं प्रॉपर्टी टॅक्सबरोबर फेडायचा, घर विकलं तर कर्ज घराबरोबर जातं. सोनोमा काउंटीने २००९ मध्ये आपल्या शहरांना बरोबर घेऊन तो मोठा केला. कल्पना फार सुंदर, पण टॅक्समधलं कर्ज बँकेच्या गृहकर्जाच्या आधी वसूल होतं, त्यामुळे जुलै २०१० मध्ये केंद्राच्या गृहकर्ज नियामकाने त्यावर आक्षेप घेतला आणि बरेच कार्यक्रम थांबले. सोनोमाने चालू ठेवला. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात तो खासगी कंपन्यांमार्फत परत वाढला, दारोदार फिरणारे विक्रेते खिडक्या आणि एसी विकू लागले, किती तरी वयस्कर लोकांना टॅक्सचं बिल आल्यावर कळलं की आपण काय सही केलीय, आणि लॉस एंजेलिस काउंटीने २०२० मध्ये घरांसाठीचा कार्यक्रम बंद केला. माझ्या मते मूळ चूक ही होती की पैसा वस्तूला मिळत होता, मोजमापाला नाही. आधी ब्लोअर डोअरचा आकडा, काम, मग परत आकडा, आणि फरक पडला तरच पैसे, असं असतं तर नको असलेल्या खिडक्या कोणी विकल्याच नसत्या. बर्कलेमध्ये घर विकताना ऊर्जेची तपासणी करून घेण्याचा नियम आहे, तसा नियम सगळ्या नऊ काउंटींनी केला तर विकत घेणाऱ्याला निदान कळेल तरी.

भाड्याने राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. काम मालकाने करायचं आणि बिल भाडेकरूने भरायचं, मग मालक कशाला करेल? तिथे अपार्टमेंटवाला रिबेट हाच एक हातात असलेला उपाय आहे, मालकाला एक ईमेल टाकून त्याची माहिती पाठवायला काही खर्च येत नाही.

आणि ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांच्यासाठी एक तातडीचं कारण. बे एरियाच्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२३ मध्ये नियम केला की नवे घरगुती गॅस गीझर २०२७ पासून आणि फर्नेस २०२९ पासून नायट्रोजन ऑक्साइड न सोडणारेच विकायचे, म्हणजे पुढेमागे बहुतेकांना हीट पंप, म्हणजे विजेवर चालून बाहेरची उष्णता आत आणणारं यंत्र, घ्यावाच लागेल. तो किती टनांचा हवा हे घराच्या गळतीवरूनही ठरतं. गळकं घर तसंच ठेवून हीट पंप घेतला तर मोठा घ्यावा लागतो, कदाचित विजेचं पॅनेलही बदलावं लागतं, आणि नंतर फटी बुजवल्या की तोच पंप गरजेपेक्षा मोठा पडतो. म्हणून कोटेशन मागायच्या आधी ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या, अ‍ॅटिक सील करा, दुसरा आकडा घ्या, आणि तो कागद हीट पंपवाल्याच्या हातात द्या.