बडोद्यात दारू सोडल्यानंतरची वर्षं: पार्श्वभूमी

बडोदे संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. 1960 मध्ये गुजरात वेगळं झालं तेव्हा तो कायदा इथे राहिला. महाराष्ट्राने पुढे तो सैल केला. त्यामुळे दांडिया बाजारातल्या मराठी घरात दारूचं व्यसन शिरलं की ते पुण्या-मुंबईपेक्षा जास्त काळ झाकलेलं राहतं. परवान्याशिवाय पिणं हाच गुन्हा, म्हणून घरचे डॉक्टरकडेही उशिरा जातात. ही भीती अनाठायी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक विकार धरलेले आहेत आणि उपचाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे.

लपवाछपवीत घरच्या घरी, एका झटक्यात दारू बंद करण्याचे प्रकार होतात. रोज भरपूर पिणाऱ्याला शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हातांची थरथर सुरू होते, 12 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. अशा वेळी ओळखीच्या कंपाउंडरकडून नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नये. शरीरात थायमिन (बी-1) आधीच कमी असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. सोडणं, बिघडणं, पुन्हा सोडणं असं चक्र चाललं, तर हा त्रास बहुधा दर खेपेला वाढत जातो.

हा टप्पा साधारण आठवड्याभराचा. पुढच्या वर्षांचा विचार वैद्यकात बराच नंतर रुजला. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन पिणारेच एकमेकांना धरून राहिले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देणारी संघटना उभी राहिली. बारा पायऱ्या, स्पॉन्सर (आधी दारू सोडलेला पाठीराखा), ‘फक्त आजचा दिवस’ ही सगळी शिस्त सुटलेली दारू सुटलेली राहावी यासाठीच आहे. मराठीत हे काम घराघरांत पोचवलं ते 1986 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने, अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं.

औषधांची वाट वेगळी. 1940 च्या दशकात कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी जंतांवरचं औषध म्हणून डायसल्फिराम स्वतः घेऊन पाहिलं आणि दारू प्यायल्यावर ते आजारी पडले. ही गोळी दारूचं विघटन अर्ध्यावर अडवते. त्यातून बनणारं विषारी ॲसिटाल्डिहाइड साचून चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. नेहमीचा डोस दिवसाला 250 मिलिग्रॅम. शेवटच्या पेल्याला निदान 12 तास झाल्याशिवाय ती सुरू करायची नाही, आणि बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. काही घरांत ती डाळीत कालवून दिली जाते. हे कधीही करू नका: पिणाऱ्याला न कळता दिली आणि तो प्यायला तर मरू शकतो, आणि कळलं तर घरच्या जेवणावरचा विश्वास उडतो. गोळी घेणाऱ्याने द्राक्षासव, दशमूलारिष्टही टाळावं. त्यांत अल्कोहोल असतंच. तलफ कमी करणारं नाल्ट्रेक्झोन (रोज 50 मिलिग्रॅम) अमेरिकेत दारूसाठी 1994 मध्ये मंजूर झालं. या दोन्ही औषधांत यकृताची तपासणी हवी.

आमच्या मते सगळ्यात उपयोगाची भर पडली ती 1985 च्या सुमारास, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांच्या मांडणीतून. त्यांनी दाखवलं की एक पेला घसरणं आणि पुन्हा व्यसनात जाणं यांच्या मध्ये एक विचार असतो: ‘आता मोडलंच आहे, तर पूर्ण होऊ दे.’ त्या क्षणी काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं: पेला ठेवायचा, जागा सोडायची, ठरलेल्या माणसाला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगायचं.

बडोदेकराच्या जोखमीच्या जागाही आधीच ओळखता येतात: दमणची सहल, महाराष्ट्रातलं लग्न, मध्य प्रदेशातला कामाचा मुक्काम. गुजरातबाहेर पडलं की दारू उघड्यावर, आणि ओळखीचं कोणी बघत नाही. निघण्याआधी सोबत कोण, संध्याकाळी सात ते दहा कुठे, गोळी कोणासमोर घ्यायची हे कागदावर लिहावं. उपाशी, चिडलेलं, एकटं किंवा दमलेलं असताना तलफ जोर धरते, म्हणून संध्याकाळचं खाणं पाचलाच उरकावं. तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते; तेवढा वेळ चालत राहावं, कोणाशी तरी बोलावं. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 मोफत आहे, आणि घरच्यांनीही ती लावली तरी चालते.