जिन्यावरच्या पावलांचा आवाज

आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर माझ्याच वर्गातला एक मुलगा राहायचा. संध्याकाळी गॅलरीत कॅरम रंगलेला असायचा आणि खाली त्याच्या वडिलांनी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला की याचं बोट स्ट्रायकरवर थांबायचं. मग जिन्यावरची पावलं. ती ऐकून कधी तो पुन्हा खेळायला लागायचा, कधी काही न बोलता उठून घरात जायचा. आज मार बसणार की नाही, हे त्याला पावलांवरून कळायचं. त्याचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. हाच मुलगा शाळेत 'मारकुटा' म्हणून ओळखला जायचा. नळावर पाणी पिताना कुणाचं कोपर चुकून लागलं तरी याची मूठ आधी उठायची. मग मास्तर त्याला छडीने मारायचे.

घरचा मार आणि शाळेतली मूठ या दोन गोष्टींमधली वाट विज्ञानाने गेल्या काही दशकांत बऱ्यापैकी शोधून काढली आहे.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधले मानसशास्त्रज्ञ सेथ पोलक यांनी 2002 मध्ये मुलांना पडद्यावर चेहरे दाखवले. सुरुवातीला चेहरा इतका धूसर की काहीच उमगू नये, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारा. घरात मार खाल्लेली मुलं रागावलेला चेहरा इतरांच्या कितीतरी आधी ओळखत होती. ही चलाखी फक्त रागापुरती होती. आनंदी चेहरा त्यांना इतर मुलांपेक्षा लवकर दिसत नव्हता. मेंदू ज्यात जगतो तेच आधी शिकतो. ज्या घरात राग म्हणजे पाठीवर पट्टा, तिथे तो दोन क्षण आधी ओळखता येणं हे जगण्याचं कौशल्यच आहे. पण मैदानात तेच अंगावर उलटतं. केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये 309 लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मार खाल्लेली मुलं दुसऱ्याच्या साध्या चुकीतही 'याने मुद्दाम केलं' असा अर्थ काढताना दिसली आणि बालवाडीत तीच जास्त मारामारी करत होती. नळावरचं ते कोपर आठवतं ते यामुळेच.

2011 मध्ये लंडनच्या इमन मॅक्रोरी यांच्या गटाने घरात हिंसा अनुभवलेल्या मुलांच्या मेंदूचं चित्रण केलं. रागीट चेहरा दिसताच त्यांच्या मेंदूतले धोका हेरणारे दोन भाग इतर मुलांपेक्षा जास्त उत्तेजित होत होते. युद्धावरून परतलेल्या सैनिकांमध्ये असंच आढळलं होतं. या मुलांना कसलाही मानसिक आजार नव्हता. वरून पाहता ती ठणठणीत होती.

आता मोठा प्रश्न. असा मुलगा पुढे हिंसक पुरुष होतो का?

आधी याचं उत्तर तुरुंगात शोधलं जायचं. कैद्यांना विचारायचं, 'लहानपणी मार खाल्ला होता का?' बहुतेक 'हो' म्हणायचे, की निष्कर्ष तयार. यात खोट अशी, की मार खाऊनही जे कधी तुरुंगात गेले नाहीत त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. अमेरिकन संशोधक कॅथी विडम यांनी दिशा उलटी केली. 1967 ते 1971 या काळात ज्यांच्या छळाची किंवा हेळसांडीची न्यायालयात नोंद झाली होती अशी 908 अमेरिकन मुलं त्यांनी निवडली, तुलनेला त्याच वयाची, तशाच परिस्थितीतली 667 मुलं घेतली आणि पुढे कुणाला कशासाठी अटक झाली ते तपासलं. 1989 मध्ये आकडे आले. हिंसक गुन्ह्यासाठी अटक झाली होती मार खाल्लेल्यांपैकी 15.8 टक्क्यांना आणि तुलनेतल्या गटात 7.9 टक्क्यांना. म्हणजे धोका दुप्पट. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू बघा. मार खाल्लेल्या शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणांना हिंसेसाठी अटक झालीच नव्हती. आणखी एक आकडा मला फार अस्वस्थ करतो. ज्यांना कुणी मारलं नाही, पण ज्यांच्याकडे कुणी लक्षही दिलं नाही, खाऊपिऊ घातलं नाही, अशा मुलांमध्येही हे प्रमाण 12.5 टक्के होतं. हेळसांडीचे वळ दिसत नाहीत, म्हणून ती आपल्या नजरेत भरत नाही.

मग एकाच तऱ्हेचा छळ सोसून एकजण हिंसक होतो आणि दुसरा होत नाही, हे का? याचं सर्वात गाजलेलं उत्तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातून आलं. तिथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1037 मुलांचा अभ्यास त्यांच्या तिसऱ्या वर्षापासून आजतागायत चालू आहे. ॲव्हशॅलॉम कॅस्पी आणि टेरी मॉफिट यांनी त्यातल्या 442 पुरुषांचा एक जनुक तपासला, एमएओए. मेंदूतली सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिनसारखी रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) या जनुकामुळे बनतं. काहींमध्ये हा जनुक जोमाने काम करतो, काहींमध्ये मंद. तो एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे पुरुषात त्याची एकच प्रत असते आणि मुलग्यांमध्ये त्याचा परिणाम तपासणं सोपं जातं. छळाची नोंद मुलं लहान असतानापासून होत आली होती: तीन वर्षांच्या मुलाशी आई कशी वागते, सातव्या आणि नवव्या वर्षी घरात शिक्षा कशा होतात, सांभाळणारं माणूस किती वेळा बदललं. शारीरिक आणि लैंगिक अत्याचारांबद्दल त्यांना मोठेपणी विचारलं गेलं.

2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसता मंद जनुक असून काही बिघडत नव्हतं. मंद जनुक आणि छळ दोन्ही वाट्याला आलेले पुरुष होते 12 टक्के, पण हिंसक गुन्ह्यांबद्दल झालेल्या एकूण शिक्षांपैकी 44 टक्के त्यांच्या नावावर होत्या. जोमदार जनुक असलेल्यांना छळाची झळ तुलनेने कमी लागली होती.

या निष्कर्षाला 'लढवय्या जनुक' अशा मथळ्यांनी फार नुकसान पोचवलं. 2006 मध्ये न्यूझीलंडमध्येच माओरी लोकांमधल्या हिंसेशी हा जनुक जोडला गेला आणि शास्त्रज्ञांनीच त्यावर कडाडून टीका केली. ती योग्यच होती. मंद जनुक जगभर कोट्यवधी शांत, प्रेमळ पुरुषांत आहे. शिवाय अतिशय छळ सोसलेले पुरुष त्या 442 जणांत जेमतेम तीसेक होते, आणि नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम दिसला, काहींत नाही. 2014 मध्ये अशा 27 अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा पुरुषांच्या बाबतीत हा संबंध टिकला. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं: जनुक बदलता येत नाही, पट्टा खाली ठेवता येतो.

आपल्याकडे तो खाली ठेवण्याची सवय अजून लागलेली नाही. 'छडी लागे छमछम' आपण कौतुकाने म्हणत आलो. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने शाळेतल्या माराला बंदी घातली, घरातल्या माराला 'वळण लावणं' हेच नाव राहिलं. 2007 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ला होता आणि मार खाणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून अधिक, 54.68 टक्के होते. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांतही मुलगे निम्म्याहून थोडे अधिक होते. हे वाचून अनेकांना धक्का बसला, कारण मुलग्याच्या बाबतीत असं काही होतं हेच आपण धरून चालत नाही. त्याने सांगितलं तर 'पोरीसारखा रडतोस काय' हे ऐकावं लागतं. मग तो सांगत नाही. दुःख बोलायची मुभा नाही आणि राग दाखवला तर मात्र 'मर्द आहे', हे ज्या घरात चालतं तिथे रागाचीच वाट मोकळी राहते.

माझा चाळीतला मित्र आता पन्नाशीला आलाय. त्याने कुणावर हात उगारल्याचं मी मोठेपणी पाहिलेलं नाही. त्याची एक आजी होती. मार बसला की ती त्याला पदराआड घेऊन जेवायला वाढायची, दुसऱ्या दिवशी शाळेत सोडायलाही यायची. ती नसती तर काय झालं असतं, हे एका माणसाच्या आयुष्यावरून ठरवता येणार नाही. पण त्याला विचारलं तर तो तिचंच नाव घेतो.

असा आधार बाहेरून पुरवता येतो का, याचाही प्रयोग झालाय. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात 1970 च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ओल्ड्स यांनी पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवल्या, गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी पाहिलं तेव्हा परिचारिका न गेलेल्या घरांच्या तुलनेत त्या घरांमध्ये छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी जवळपास निम्म्या होत्या. गरीब, अविवाहित आयांच्या मुलांना अटकही कमी वेळा झाली होती. एकोणिसाव्या वर्षी मात्र हा फरक मुलींमध्ये टिकला, मुलग्यांमध्ये फारसा दिसला नाही. म्हणजे मुलग्यांना दोन वर्षांनंतरही, शाळेच्या आणि वयात येण्याच्या काळात, कुणीतरी लागतं असं मला वाटतं.

घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेण्याचा मार्ग आपल्याला नवा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तो अर्भकमृत्यू रोखण्यासाठी सिद्ध केला आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जातात, पुढे पंधराव्या महिन्यापर्यंतही. त्या बाळाचं वजन करतात, ताप बघतात, अंगावरच्या दुधाची चौकशी करतात. त्याच उंबऱ्यावर बसून आईला आणखी दोन प्रश्न विचारता येतील: बाळ रात्रभर रडलं की त्याला घ्यायला तुमच्याशिवाय कोण असतं, आणि या घरात कुणी कुणावर हात उचलतं का?